कारंज्यांपुढची पानं

एका लहानशा संस्थानात कर्णिक नावाचे एक मास्तर होते. सकाळी ते शाळेत इंग्रजी शिकवत. दुपारी राजवाड्यात जाऊन राजे रणधीरराव यांना विलायतेचा इतिहास वाचून दाखवत. पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठीत. राजांना वाचायचा कंटाळा होता, पण ऐकायची भारी हौस. इंग्लंडच्या राण्या, स्पेनची गलबतं, रशियातलं बर्फ हे सगळं मास्तर असं रंगवून सांगत की पंखा ओढणारा गडीही ओढायचं विसरे.

एका उन्हाळ्यात फ्रान्सच्या राजांची पाळी आली. व्हर्सायच्या माळरानात एका राजाने केवढा थोरला राजवाडा उठवला आणि बागेत शेकडो कारंजी कशी बांधली, ते मास्तरांनी मोठ्या थाटात सांगितलं. झाडांच्या वर उडणारं पाणी, सोन्याच्या मूर्ती, पाहायला जमलेले सरदार.

राजे गादीवर उठून बसले. "आपल्याकडे असं का नाही?" ते म्हणाले.

मग काय, लगोलग ओव्हरसियर आले, नकाशे झाले, बागेत खड्डे खणायला सुरुवात झाली. त्या गडबडीत काही दिवस वाचन बंदच राहिलं. पाणी आणायचं होतं निमखेडच्या तलावातून, कालवा काढून. निमखेडचे सगळे पानमळे त्याच तलावावर जगत. मळेकरी काकुळतीला येऊन राजवाड्यावर आले, पण दिवाणसाहेबांना भेटून परत गेले. त्याच संध्याकाळी दिवाणसाहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, महाराज सध्या खुशीत आहेत. कारंजी उडाली, तिथेच ते पुस्तक संपलं असं समजा. उद्या इंग्लंडचं काढा."

"पण दिवाणसाहेब, पुढे बरंच आहे."

"त्या पुढच्याशी आपल्याला काय करायचंय? जुन्या गोष्टी, त्याही साता समुद्रापलीकडच्या. तुमचं घर मात्र इथे आहे, आणि ते सरकारी आहे."

मास्तर घरी आले. पुढची पानं त्यांनी कधीच वाचली होती. त्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. निमखेडच्या माणसांना कोणत्या चेहऱ्याने परत जावं लागलं, तेही त्यांनी फाटकाशी उभं राहून पाहिलं होतं. ताट वाढल्यावर त्यांनी सगळं बायकोच्या कानावर घातलं.

मथुराबाईंनी पाण्याचा तांब्या ताटाजवळ ठेवला. मग म्हणाल्या, "घराची भीती मलाही वाटते. पण खोटं बोलून आलात की तुमच्या घशाखाली घास उतरत नाही, हे मी इतकी वर्षं बघतेय. आता तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी मास्तर इंग्लंडचंच पुस्तक घेऊन गेले. काही ठरलं नव्हतं. दिवाणसाहेब कोपऱ्यात बसले होते.

राजांनी सहज विचारलं, "मागे आपण कारंज्यांपाशी थांबलो होतो. ते पुस्तक संपलं का?"

'हो' एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"नाही, महाराज," ते म्हणाले. "अजून निम्मं राहिलंय."

"मग हे दुसरं कशाला आणलंत?"

"आजपासून हे वाचावं, अशी सूचना होती."

राजांनी दिवाणसाहेबांकडे पाहिलं. दिवाणसाहेब खाली पाहू लागले. "ते फ्रान्सचंच आणा," राजे म्हणाले.

त्या दुपारी मास्तरांनी काहीच रंगवलं नाही. होतं तसं सांगितलं. कारंजी इतकी झाली की सगळ्यांना पुरेल एवढं पाणीच मिळेना. राजा बागेत फिरायला निघाला की पुढची कारंजी सुरू करायची आणि मागची बंद करायची, असं चाले. मग लांबची नदी वळवून आणायचं ठरलं. हजारो सैनिक खणायला लावले. दलदलीतल्या तापाने त्यांतले कितीतरी मेले, आणि कालवा पुरा झालाच नाही. पुढे त्याच राजवाड्यात त्याच्या वंशातला दुसरा राजा राहत होता. पॅरिस शहरात पावाची टंचाई झाली. तेव्हा शहरातल्या बायका पावसात भिजत पायी राजवाड्यावर आल्या आणि राजाला कुटुंबासकट शहरात घेऊन गेल्या. तो परत त्या राजवाड्यात आला नाही. काही वर्षांतच त्याचा शिरच्छेद झाला.

राजे उठून आत गेले.

त्यानंतर मास्तरांना बोलावणं आलं नाही. मथुराबाईंनी वरच्या फळीवरची भांडी काढून पोत्यात बांधायला घेतली. मास्तर शाळेत जात, परत येत, आणि दारात कुणी शिपाई उभा नाही ना ते आधी पाहत.

अखेर शिपाई आला. राजे बागेतल्या खड्ड्यापाशी एकटेच उभे होते. बुटांना चिखल होता.

"मी निमखेडला जाऊन आलो," ते म्हणाले. "मळ्यांतल्या बायका मला पाहून बाजूला झाल्या. एकीनेही काही मागितलं नाही. मास्तर, त्या फ्रान्सच्या बायकांनी आधी कधी काही मागितलं होतं का?"

"ते मला सांगता येणार नाही, महाराज. पण आधी काही न मागता माणसं एवढ्या लांब चालत येत नाहीत. त्यांचं मागणं वाटेतच कुणीतरी अडवलं असेल."

"आणि आपल्याकडे?"

मास्तरांनी कुणाचं नाव घेतलं नाही. "निमखेडचे मळेकरी इथे आले होते, महाराज. ते आपल्यापर्यंत पोचले नाहीत."

उत्तर राजांना आवडलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्याच दिवशी त्यांनी कालव्याचं काम थांबवलं आणि खड्डे बुजवायला सांगितले. मळेकऱ्यांना त्यांनी स्वतः बोलावून घेतलं आणि तलावाचं पाणी त्यांचंच राहील असा शब्द दिला.

मास्तरांना ना शाल मिळाली, ना शाबासकी. दुसऱ्या दुपारी इंग्लंडचं पुस्तक उघडलं, तेव्हा राजे एवढंच म्हणाले, "आजपासून पुढचं पान कुणाला विचारून उलटायचं नाही."

तात्पर्य: राजांच्या वैभवाची पानं सगळेच आवडीने वाचतात, पण ते वैभव कुणाच्या जिवावर उभं राहिलं, हे सांगणारी पानंही जो वाचतो आणि न भिता वाचून दाखवतो, त्याच्याच हातून इतिहासाचं चीज होतं.