एकोपा टॉवरच्या गॅलऱ्या

वर बघा. एकोपा टॉवरचे दोन भाग समोरासमोर उभे आहेत. मजल्यांची रेषा एक, दगड एक, पण गॅलऱ्या मात्र दोन सारख्या सापडणार नाहीत. आर्किटेक्चरचे विद्यार्थी याला काहीतरी अवघड नाव देतात. खरी हकिकत साधी आणि वैताग आणणारी आहे.

इथे पूर्वी बैठी चाळ होती. ती पाडली, माणसे पत्र्याच्या खोल्यांत गेली आणि नव्या इमारतीचा नकाशा काही ठरेना. प्रत्येकाला इमारत एकसंध हवी होती आणि आपले घर वेगळे. म्हणजे वेगळे असावे ते फक्त आपलेच. आर्किटेक्ट मालविका टिपणीस नकाशे बदलून थकल्या. शेवटी त्यांनी भर सभेत शपथ घेतली म्हणे, की एकमत होईपर्यंत चहाला शिवणार नाही. सोसायटीच्या सभांना बसणाऱ्या माणसाने याहून मोठा त्याग केल्याचे ऐकिवात नाही.

उन्हाळे गेले. म्हाताऱ्या सामंतकाकूंना एकच धास्ती होती, की आपण पत्र्याखालीच जाणार. तरी नकाशात समोर येणाऱ्या द्वारकानाथ चुरीची गोल गॅलरी त्यांना मंजूर नव्हती.

"द्वारक्या, जन्मभर मी तुझ्या गॅलरीचं ते पोट बघत बसायचं?"

"मग बघू नका ना, काकू!"

"समोर दुसरं काय आहे मेल्या? समुद्र?"

हे ऐकून टिपणीसबाईंनी पेन्सिल खाली ठेवली, असे सांगतात. म्हणाल्या, "ज्याला दिसणार, त्यानंच ठरवायची." चुरीची गॅलरी काकू ठरवणार, काकूंची चुरी. साऱ्या इमारतीला हाच नियम.

आपण जे देऊ तेच समोरून परत येईल, हे सगळ्यांना एकदम उमगले. जन्मात ज्यांनी कोणाला वाट दिली नव्हती, ते "तुम्हाला काय आवडतं?" विचारू लागले. लोक याला चमत्कार म्हणतात. मी भीती म्हणतो.

चुरी चहा घेऊन काकूंकडे गेला. काकूंनी कप संपवला आणि गोल गॅलरी देऊन टाकली. त्याने त्यांना झोपाळा मावेल एवढी रुंद गॅलरी दिली. पुढचा कप टिपणीसबाईंनी घेतला. काकू मात्र त्या झोपाळ्यावर बसून अखेरपर्यंत समोरच्या पोटाला नावे ठेवत राहिल्या.

आजही गॅलरी रंगवायची तर आधी समोरच्या घरी चहा न्यावा लागतो, आणि कप रिकामा होईपर्यंत नकार देता येत नाही. ती पोपटी गॅलरी माझी. रंग माझा नव्हे. आणि ती विटलेली, गोल, ती चुरीची. समोर काकूंचे घर बंद आहे. गॅलरी रंगव म्हणून सोसायटीने चुरीला नोटिसा देऊन पाहिल्या. तो म्हणतो, काकूंनी अजून हो म्हटलेले नाही.