राघूच्या पोरीचे पंख

फार पूर्वी, कावळे माणसांपेक्षा किंचितच आगाऊ होते तेव्हा, पेरू चोरताना एक राघू पकडला गेला नि पिंजऱ्यात पडला. त्याची पोर हिरवी रोज पिंजऱ्याबाहेर बापासारखीच पंख आवळून बसायची.

“चोराची पोर!” कावळा खिदळायचा. “तुझ्याही पिंजऱ्याचं माप घेऊन ठेवलंय!” हिरवीला ते खरंच वाटायचं.

एकदा राघू म्हणाला, “बये, पेरू मी चोरला, गज माझ्याभोवती आहेत. तू कशाला आखडून बसलीस? जा, तळ्यावरचं आभाळ बघून ये नि मला सांग.”

हिरवी भीतभीत उडाली. संध्याकाळी परतून तळ्याचं, ढगांचं सांगू लागली. ऐकता ऐकता राघूचा डोळा लागला आणि झोपेतच त्याचे पंख हलू लागले. हिरवी गप्प झाली.

कावळा कुजबुजला, “पोरी, थांबू नकोस. बाबा अजून तळ्यावर उडतोय.”