जागेवर नसलेला गुळव्या

नदीकाठच्या एका गावात एक गुऱ्हाळ होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवून तिथे गूळ करत. गूळ कधी झाला हे ठरवणारा गुळव्या म्हणजे सटवाजी. हात गुणी, पण पायाला भिंगरी. शेजारची दोन गुऱ्हाळेही त्यालाच बोलवत, शिवाय बाजार, लग्ने, पंचायती होत्याच. 'आलोच' म्हणून गेलेला सटवाजी कधी येईल, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसे.

चुलाणात जाळ घालणारा भैरू मात्र पुरता गोंधळून गेला होता. सोमवारी सटवाजी धावत आला, "उतरव" म्हणाला आणि गेला. मंगळवारी भैरूने बरोबर तेवढ्याच वेळाने काहील उतरवायला घेतली, तर सटवाजी वाटेवरूनच ओरडला, "थांब, अजून आटू दे." पुढच्या दिवशी भैरू थांबला. सटवाजी आलाच नाही आणि गूळ जळून काळा पडला. मग त्याने घाई केली, तर गूळ बसलाच नाही, नुसती पातळ काकवी राहिली. उतरवले तरी चूक, थांबले तरी चूक. भैरूला जेवण गोड लागेना.

अशात साळूबाई आली. एकटी बाई, दोन गाड्या ऊस. "रविवारी माझा ऊस गाळायचा हाय. वर्साचं समदं त्यातच हाय, भैरू. बिघडवू नगंस."

"मावशी, मी तरी काय करू? सटवाजीअण्णा एक दिस उतरव म्हनत्यात, एक दिस थांब म्हनत्यात. मला काय बी उमगंना."

"तू त्यास्नी काय इचारतोस?"

"उतरवू का, म्हनून."

"मग ते काय बगून सांगत्यात, ते कवा इचारलंस?"

 भैरू चार वर्षे जाळ घालत होता, पण हे काही त्याला सुचले नव्हते.

शनिवारी सकाळी सटवाजीचा एक पाय गाडीत होता, तेव्हा भैरूने त्याला गाठले. "अण्णा, उतरवू का ते इचारत न्हाई. तुमी काय बगता, तेवढं दावा."

सटवाजीने पाय खाली घेतला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलेच नव्हते. त्याने काहिलीपाशी जाऊन उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला. तो पसरला. थोड्या वेळाने दुसरा टाकला, त्याची बोटांत गोळी वळली. "गोळी झाली की उतरवायचं. ऊस रोज निराळा, कालचा हिशेब आज चालत न्हाई."

"आन् तुमी नसला तर मीच उतरवू?"

"उतरव. बिघडलं तर माझ्यावर घाल," म्हणत सटवाजी गाडीत बसला.

रविवारी सटवाजी नव्हता, हे वेगळे सांगायला नको. काहील उकळू लागली. कुणी म्हणाले थांबा, कुणी म्हणाले अण्णांकडे माणूस पाठवा. साळूबाई काहिलीकडे बघत बसली होती. भैरूने गार पाण्याचे भांडे जवळ ओढले. पहिला थेंब पाण्यात पसरला, दुसराही पसरला. तिसऱ्याची गोळी झाली.

"उतरवा," भैरू म्हणाला.

संध्याकाळी सटवाजी आला, तेव्हा साळूबाईच्या पिवळ्याधमक ढेपा रांगेत मांडलेल्या होत्या आणि ती पदराने डोळे पुसत होती. सटवाजीने एक खडा तोंडात टाकला. "कुनाला इचारून उतरवलीस काहील?"

"तुमालाच. काल सकाळी."

सटवाजी हसला. त्या दिवसापासून तो आणखीच फिरू लागला, पण त्याला शोधायला कुणी गेले नाही.

तात्पर्य: वरिष्ठ क्वचितच भेटत असेल, तर त्या भेटीत आजचे उत्तर मागू नये, तो उत्तर कसे काढतो ते शिकून घ्यावे, आणि त्याच्यामागे ते वापरण्याची मुभाही तेव्हाच मागून ठेवावी.