जिंकलेला सवाल

“शब्द आदिमायाच देते ना, बुवा?”

गेनूने दारातूनच विचारलं. ना रामराम, ना पाया पडणं.

सटवाजीबुवा डफ उन्हाला धरून बसले होते. आदिमायेला थोर मानणाऱ्या कलगीवाल्यांचे ते जुने शाहीर, आणि गेनू त्यांचा शिष्य. पोरगा गुणी, पण तोरा विचारू नका.

“तीच देते. तूच सांगत फिरतोस की गावभर.”

“मग कालची ओळसुद्धा तिचीच?”

बुवांनी डफ उन्हात फिरवला.

कालच्या जत्रेतला सामना त्यांच्या कानावर आला होता. समोरच्या पक्षाचा तुरेवाला शाहीर धोंडीराम पाण्याची थोरवी गात होता. गेनूने उभ्या उभ्या सवाल जोडला आणि त्याच्या तोंडावर फेकला. धोंडीरामचा मुलगा विहिरीत बुडून गेला, हे अख्ख्या जत्रेला ठाऊक होतं. धोंडीरामने आपला डफ गेनूच्या पायाशी ठेवला, हरलेल्याने ठेवायचा तसा, आणि चालता झाला. लोकांनी गेनूला डोक्यावर घेऊन नाचवलं. काय म्हणावं या लोकांना!

“सकाळी डफ परत द्यायला गेलो होतो,” गेनू म्हणाला. “घेईना. गाणं सुटलं म्हणाला. त्याच्या बायकोनं मला प्यायला पाणी दिलं, बुवा… मला पिववेना.”

“हं.”

“एवढंच सांगा. ओळ आदिमायेची असेल तर मी सुटलो. माझी असेल तर आजपासून तोंड बंद.”

“म्हण ती.”

“आत्ता?”

“म्हण.”

गेनूने डोळे मिटले.

“अथांग पाणी म्हणशी राजा, खोली त्याची सांग मला,
पोर तुझं ते तळात निजलं, तळ अजुनी ना तुज कळला?”

डफावर थाप पडली. मग दुसरी…

गेनूने डोळे उघडले. “बुवा! तुम्ही ठेका धरलात?”

बुवा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तळवा डफावर दाबून धरला.

“ओळ खोटी असती तर हात हलला नसता रे… फार सुंदर झालीय. तिचीच आहे.”

“म्हणजे मी सुटलो?”

बुवांनी डफ बाजूला ठेवला.

“जा. धोंडीरामच्या बायकोला सांगून ये, आदिमायेनं दिली म्हणून.”