गारठलेले पाय

"पायाखाली काय आहे तुझ्या?"

बाबांनी विचारलं ते डोळे मिटूनच. नावेच्या पुढच्या टोकाला, गळ्यापर्यंत घोंगडी ओढून ते बसले होते.

सुकाणूवर त्र्यंबक होता. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. पायांत काही नाही. पौषातली सकाळ, आणि धरणाच्या पाण्यावरून असा वारा येत होता की कान जागेवर आहेत की नाहीत ते चाचपून बघावं.

त्र्यंबकला प्रश्न फार आवडला. गुरूने असं काही विचारलं की सरळ उत्तर द्यायचं नसतं, एवढं तो मठीत राहून शिकला होता.

"पाणी, बाबा."

"बरं..."

"पाण्याखाली बुडालेलं गाव. गावाखाली माती. आणि मातीखाली..." इथे तो थांबला. थांबणं शोभून दिसेल इतकाच. "मातीखाली शून्य."

मधल्या फळीवर हौसाबाई बसली होती. मांडीवर तुपाची बरणी घेऊन पलीकडच्या बाजाराला निघालेली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "आणि मी आपली निवांत बसलेय वर!"

बाबा हसले नाहीत.

"लांब गेलास. जवळ ये. पायाखाली काय आहे?"

आता त्र्यंबक खरोखरच विचारात पडला. ह्या प्रश्नावर बरंच काही अवलंबून होतं. धरण झालं तेव्हा गाव वर सरकलं, पण टेकडीवरची मठी आणि शेजारची चार घरं हलली नाहीत. टेकडीचं बेट झालं. तेव्हापासून बाबाच ह्या शिडाच्या नावेतून माणसं नेत-आणत आलेले. पण गेल्या आषाढात त्यांना न्यूमोनिया झाला आणि छाती कायमची नाजूक झाली. ह्या हिवाळ्यात सुकाणू त्र्यंबककडे द्यायचं की नाही, ते बाबा आज ठरवणार होते. नाही दिलं, तर बाबा स्वतःच बसणार सुकाणूवर, ह्या वाऱ्यात. नाव बंद ठेवा म्हटलेलं त्यांना चालत नसे, आणि ती छाती आता हे सोसणारी नव्हती.

उत्तर चुकून चालणार नव्हतं.

"मीच, बाबा," तो हळूच म्हणाला. "माझ्या पायाखाली मीच..."

आणि खिंडीतून वारा सुटला.

नाव एका अंगावर कलली. अशा वेळी दोरी सोडायची, शीड सैल पडतं, नाव सावरते. त्र्यंबकने मूठ उघडली. शीड सैल पडेना! दोरी कुठे अडकली ते त्याला कळेना. हौसाबाईच्या बाजूने पाणी आत आलं आणि तिने देवीच्या नावाने बोंब ठोकली.

बाबा घोंगडी टाकून उठले, सुकाणूपाशी येऊन वाकले, आणि दोन्ही हातांनी त्यांनी त्र्यंबकचा पाय धरला.

पाय उचलला. खालून दोरी सळकन सुटली. शीड फडफडलं आणि नाव सरळ झाली.

दोरी त्याच्याच टाचेखाली होती. कधीपासून, कोण जाणे. त्याला काही म्हणजे काहीच जाणवलं नव्हतं.

बाबा गुडघाभर भिजले होते. ते परत जागेवर जाऊन बसले आणि खोकायला लागले. पलीकडचा काठ येईपर्यंत खोकत राहिले.

त्र्यंबकला वाटलं, नाव बुडाली असती तरी बरं झालं असतं. गुरूंनी आपले पाय धरले! आता कुठल्या तोंडाने काही मागायचं?

काठावर हौसाबाईने पालापाचोळा गोळा करून शेकोटी पेटवली.

"बघा हो बाबा ह्याचे पाय. वांग्यासारखे झालेत!"

बाबांनी पाहिलं. मग खाली बसून त्यांनी त्याचे दोन्ही पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि चोळायला लागले.

"बाबा, नको... बाबा, मला पाप लागेल..."

"लागू दे. आधी ऊब लागू दे."

"सोडा ना हो..."

"गप रे."

हळूहळू पायांत मुंग्या आल्या. मग अशी कळ आली की त्र्यंबकच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. नुसती कळच होती असंही नाही.

"दुखतंय?"

"हो."

"छान. चल, जोडा घेऊ."

त्र्यंबकने पाय मागे ओढले. गेल्या आषाढापासून तो अनवाणी होता. आश्विनाच्या उन्हात तापल्या कातळावरून चालला, काटे मोडले, पण पायांत काही घातलं नाही. मठीत येणारी माणसं म्हणायची, काय हे वैराग्य! ते ऐकायला त्याला बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोला? पण अनवाणी राहण्याचं कारण ते नव्हतं. कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

हौसाबाई तूप विकायला गेली. हे दोघे हमीदभाईंच्या पालाकडे आले. जुने-नवे जोडे घेऊन ते दर बाजाराला बसायचे.

"निवड," बाबा म्हणाले.

नुसतं माप बघणं म्हणजे जोडा घालणं नव्हे, अशी त्र्यंबकने मनाची समजूत घातली आणि घ्यायचाच, तर ऊबदार घ्यावा म्हणून सर्वांत जाड बूट उचलला. लष्करी, घोट्याच्या वरपर्यंत नाडी. आत दोन-दोन मोजे चढवून त्याने पाय कसाबसा कोंबला.

"बोटं हलव."

"हलत नाहीत, बाबा."

"मग रक्त कुठून हलेल?"

बूट परत गेला. त्र्यंबकने गुडघ्यापर्यंतचे गमबूट चढवले. ह्यांत पाण्याचा थेंब शिरणार नाही, असं हमीदभाईंनीही छातीठोक सांगितलं.

"पाण्यात पडलास तर?" बाबांनी विचारलं.

"पडणार नाही, बाबा."

"पडशील की नाही, ते नाही विचारलं."

बाबांनी हमीदभाईंचा तांब्या उचलला आणि अख्खा गमबुटात ओतला. मग शेजारची कळशीही रिकामी केली.

"बाबा, विकायचा माल आहे हो!" हमीदभाई कळवळले.

"आता उचल पाय."

त्र्यंबकने पाय उचलला. म्हणजे उचलायला गेला. कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखा तो जड झाला होता.

हमीदभाईंनी कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच माल धुंडाळून एक जोडा काढला. रबराचा, घोट्यापर्यंतचा. तळ पातळ आणि मऊ. बाबांनी तो त्र्यंबकच्या मापाहून एक नंबर मोठा मागून घेतला, आत लोकरीचा एकच मोजा घालायला लावला.

"बोटं?"

"हलतात."

बाबांनी जमिनीवर सुतळीचा तुकडा टाकला. "उभा राहा ह्याच्यावर. डोळे मीट. कळतंय?"

"कळतंय. सुतळी आहे."

"हं. आता लाथ मार."

"कुणाला?"

"कुणालाही!"

त्र्यंबकने हवेत लाथ मारली. जोडा सुटला आणि समोरच्या शेंगावालीच्या ढिगात जाऊन पडला. ती जे काही बोलली ते इथे सांगता यायचं नाही.

"हाच," बाबा म्हणाले. "ऊब देतो, आणि नको असला की सोडून जातो."

परत निघेपर्यंत वारा बोचायला लागला होता. हौसाबाई रिकामी बरणी घेऊन फळीवर जाऊन बसली. त्र्यंबक काठावर उभा होता. जोडा काखेत, पाय उघडे.

"घाल."

त्र्यंबकने जोडा काखेत आणखी घट्ट धरला.

"त्र्यंबक, घाल म्हटलं."

"नाही घालता येत, बाबा."

"का? वैराग्य मोडतं?"

सकाळी कुणी असं म्हटलं असतं तर त्याने मान डोलावली असती.

"नवस आहे," तो म्हणाला. "आषाढात तुमचा श्वास अडकत होता ना, त्या दिवशी देवीला बोललो. ह्यांना उठव, जन्मभर पायांत जोडा घालणार नाही."

बाबा त्याच्याकडे वळले.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मोडायला लावला असता."

"लावला असता."

"म्हणून नाही सांगितलं." त्र्यंबक आपल्या पायांकडे बघायला लागला. "मला भीती वाटते, बाबा. मी जोडा घातला आणि तुम्हाला काही झालं, तर मी काय करू? नाही घातला, तर नाव माझ्या हातात येत नाही, आणि तुम्ही पुन्हा ह्या वाऱ्यात... मला दोन्हीकडून काही सुचत नाही."

"वेडा रे वेडा..." बाबा म्हणाले. पण नीट म्हणता आलं नाही त्यांना. ते उगाचच पाण्याकडे बघू लागले. हौसाबाईने पदराने डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाली. शेकोटी तर केव्हाच विझली होती.

मग बाबांनी त्याच्या काखेतून जोडा काढून घेतला.

ते दगडावर बसले. आपल्या चपला बाजूला ठेवल्या आणि तो नवा जोडा स्वतःच्या पायांत चढवला. त्यांना तो बराच मोठा होत होता. फटक-फटक वाजवत ते पाण्याच्या कडेपर्यंत गेले, परत आले, खाली बसून जोडा उतरवला आणि त्र्यंबकच्या हातात ठेवला.

"घे. आता हा माझ्या पायातला आहे."

त्र्यंबक बघतच राहिला. नवस बोलला होता तो जोड्यांचा. गुरूच्या पायातलं उतरून हातात आलं, त्याला जोडा कोण म्हणेल? आणि नको तरी कोण म्हणेल?

त्याचे हात आपोआप वर गेले. पादुका घ्याव्यात तसा त्याने तो जोडा मस्तकावर घेतला आणि डोळे मिटून उभा राहिला. हौसाबाईनेही बसल्या जागी हात जोडले.

त्याने डोळे उघडले तेव्हा बाबा नावेत चढले होते. सुकाणूची जागा ओलांडून ते मधल्या फळीवर हौसाबाईच्या शेजारी, उतारूसारखे बसले. पाय पोटाशी घेतले. घोंगडी ओढली. सुकाणूवर कुणी नव्हतं.

वारा वाढत होता. त्र्यंबक अजून तसाच उभा. मस्तकावर जोडा, डोळे भरलेले.

"डोक्याला नाही रे थंडी वाजत," बाबा म्हणाले. "पायांत घाल, आणि मला घरी ने."