रेघेखालची नळी

रक्त किती वेळात गोठतं, हे माणसं हातात घड्याळ धरून बघायची, ते दिवस सरले होते. लॅबमध्ये नवं यंत्र आलं होतं.

एका सकाळी ऑपरेशनसाठी आलेल्या सुंदराबाईंच्या रक्ताची नळी आली, कुठवर भरायची त्या खुणेच्या रेघेच्या बरंच खालीच भरलेली. यंत्र थांबलं आणि नळीला म्हणालं, "रक्त कमी, त्यामुळे तुझ्यातलं पातळ ठेवणारं औषध जास्त झालंय. मी आकडा देणार नाही."

"देऊन टाक ना," नळी म्हणाली. "म्हातारीची शीर सापडत नाही. पुन्हा सुई टोचतील."

"रक्त उशिरा गोठतं, असा चुकीचा आकडा येईल आणि त्यापायी तिचं ऑपरेशन अडेल," यंत्र म्हणालं.

रक्त घेणाऱ्या हेमांगीताईंनी दुसरी नळी रेघेपर्यंत भरून आणली. आकडा नीट आला. ऑपरेशन वेळेवर झालं.

कपाटातलं जुनं घड्याळ म्हणालं, "मला कुणीही बटण दाबलं की धावावं लागे. नाही म्हणायला कुणी शिकवलंच नाही."