उन्हातून आलेला माणूस

लढाईत विमान चालवून आलेले वसंतराव चिटणीस सकाळी आपला बर्फाचा कारखाना बघत आणि दुपारी वकिली करत. दोन्हींचा त्यांना कंटाळा आला होता, पण झोपेचा त्याहून जास्त. झोपेत जुने सोबती भेटत.

त्या दिवशी त्यांचा अशील होता रखवालदार बाबू लोंढे. सरदार रंगराव मान्यांची गवताची गंजी त्याने पेटवली, असा आरोप होता. साक्षीला खुद्द सरदार उभे राहिले.

"दिवस मावळताना मी गच्चीवर होतो," ते म्हणाले. "पश्चिमेच्या बांधावर हाच उभा होता. मान्यांची नजर चुकत नाही."

हिवाळ्यातले पाच वाजत आले होते. वसंतराव सावकाश उठले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, ते पश्चिमेचं दार उघडायची परवानगी असावी."

पट्टेवाल्याने दार उघडलं. ऊन थेट सरदारांच्या तोंडावर आलं. दारात बाहेर ताटकळलेला एक माणूस उभा होता.

"सरदारसाहेब, तो कोण?"

सरदारांनी डोळ्यांवर हात धरला. "कोण असणार? तुम्ही शिकवून उभा केलेला कुणीतरी भाडोत्री."

"आबासाहेब, मी," दारातून त्यांचे थोरले चिरंजीव म्हणाले. "तुम्हाला न्यायला आलोय."

कोर्टात कुणी हसलं नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," वसंतराव म्हणाले. "उन्हातून येणारं विमान आम्हालाही कधी ओळखता आलं नाही. नजर आमचीही चांगली होती. आठ जण होतो, दोघे परत आलो."

बाबू सुटला. तो पाया पडायला वाकला, तेव्हा वसंतराव एवढंच म्हणाले, "आधी ते दार लाव बाबा."